ओझोन वाचवायला एकमेकांच्या स्पर्धक कंपन्या खरंच एकत्र आल्या होत्या का?

हो, आल्या होत्या, आणि फ्रिज-एसीवाल्यांच्या आधी मला इलेक्ट्रॉनिक्सवाले आठवतात. तेव्हा सर्किट बोर्डला सोल्डरिंग झालं की उरलेला चिकट फ्लक्स (सोल्डर नीट बसावं म्हणून लावतात तो पदार्थ) सीएफसी-११३ या रसायनाने धुवायचे, पटकन उडून जायचं, डाग नाही काही नाही, पण तेच वर जाऊन ओझोन खायचं आणि शिवाय कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट उष्णता अडवायचं. १९८७ ला ओझोन खाणारी अशी रसायनं कमी करायचा माँट्रियल करार झाला, मग १९८९ मध्ये एटीअँडटी, नॉर्दर्न टेलिकॉम वगैरे कंपन्यांनी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला सोबत घेऊन एक गट काढला आणि पर्याय सापडला की तो बाकीच्यांनाही सांगायचा असं ठरवलं. कुणी साध्या पाण्याने धुवायला लागलं, कुणी संत्र्याच्या सालीतून निघणाऱ्या द्रावणाने (खरंच!), आणि काहींनी तर धुवायलाच लागू नये असा फ्लक्स वापरला, म्हणजे खर्चही वाचला.

आता हे सगळं काय पुण्य कमवायला नव्हतं, बंदी डोक्यावर होती म्हणून हालचाल झाली. फ्रिजवाल्यांचं मात्र अर्धवटच झालं, सीएफसी गेलं नि त्याच्या जागी एचएफसी हे दुसरं रसायन आलं, ओझोन वाचला पण गरमी वाढवणारा गॅस तसाच राहिला, म्हणून तर २०१६ मध्ये एचएफसी कमी करायचं ठरवायला रवांडातल्या किगालीला परत बसावं लागलं सगळ्या देशांना.