सासऱ्यांच्या नावावर घर असलं तर सुनेला निघावं लागतं का?

नाही, नुसतं सासरे म्हणाले म्हणून तुमच्या बहिणीने सिडकोतलं घर सोडायचं नाही. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात कलम 17 आहे: ज्या घरात ती संसार करत होती तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. सासऱ्यांच्या मालकीचं घरही यात येऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात स्पष्ट केलं. मात्र हा मालकी हक्क नव्हे, आणि कोर्ट भाड्याच्या घराची सोय करायलाही सांगू शकतं.

परदेशात पोलीसच मारणाऱ्याला घराबाहेर काढतात, असं तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. ऑस्ट्रियात 1997 पासून पोलीसच मारणाऱ्याला काही दिवस घराबाहेर काढतात. आपल्याकडेही कलम 19 खाली नवऱ्याला बाहेर काढता येतं, पण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने. तिथेच वेळ जातो. कागदावर पहिली तारीख तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकासमोरच्या कोर्टात चकरा मारलेल्या कुणालाही विचारा!

अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) करा, वकील नसला तरी चालतं. माझ्या मावसबहिणीच्या वेळी ती त्या घरात राहत होती हे दाखवायला सगळ्यात उपयोगी पडली ती गॅसची वही आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता. हे कागद आजच माहेरी आणून ठेवा. मारहाण झाली तर 112, सल्ल्यासाठी 181. आणि हो, अंतरिम आदेश, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता आदेश, आधी मागा, वकील कधीकधी विसरतात.