वाचकांचे प्रश्न : जर्मनीचं उत्तर टोक

डेन्मार्कला लागून असलेल्या फ्लेन्सबुर्ग या जर्मन शहरावरच्या माझ्या लेखात मी इथल्या जर्मनी-डेन्मार्क हद्दीचा आणि समुद्रातल्या चिमुकल्या बेटांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर पत्रं आली. तिघांना इथे उत्तर देते.

बेळगावहून एक निवृत्त शिक्षक : तुमची शेजारीण जर्मन नागरिक असून मुलांना डॅनिश शाळेत घालते, असं वाचलं. सरकार हरकत घेत नाही? आणि ती हद्द मुळात ठरली कशी? आमच्याकडे हा विषय निघाला की जेवणं गार होतात.

सर, आधी हद्दीचं सांगते. श्लेस्विग, म्हणजे हा हद्दीच्या दोन्ही बाजूंचा प्रदेश, ही डॅनिश राजाच्या ताब्यातली डची, म्हणजे ड्यूकचं संस्थान. १८६४च्या युद्धात प्रशिया हे बलाढ्य जर्मन राज्य आणि ऑस्ट्रिया यांनी मिळून ती जिंकली. पुढे ती एकट्या प्रशियाकडे गेली. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर १९२० साली लोकांनाच विचारायचं ठरलं. दोन पट्टे पाडले. उत्तरेकडच्या पट्ट्यात १० फेब्रुवारीला मतदान झालं, तिथे ७५ टक्के लोकांनी डेन्मार्क निवडला. फ्लेन्सबुर्ग धरून दक्षिणेकडच्या पट्ट्यात १४ मार्चला ८० टक्के मतं जर्मनीला पडली. हद्द दोन पट्ट्यांच्या मधून गेली आणि आजही तिथेच आहे.

ऐकायला सरळ वाटतं, पण उत्तरेकडची मतं एकगठ्ठा मोजली होती. त्यामुळे टोंडर गावात बहुमत जर्मनीला असूनही ते डेन्मार्कमध्ये गेलं. इकडे फ्लेन्सबुर्गमध्ये दर चारांतला एक डेन्मार्कला मत देऊन जर्मनीत राहिला. कुठेही रेघ मारली असती तरी कुणीतरी पलीकडे राहणारच होतं.

१९४०मध्ये हिटलरने अख्खा डेन्मार्क व्यापला, पण ही हद्द सरकवली नाही. १९४५ नंतर उलटं झालं. उपाशी फ्लेन्सबुर्गमधले हजारो जर्मन अचानक स्वतःला डॅनिश म्हणवू लागले. डेन्मार्कहून मदतीची खाण्याची पाकिटं यायची, म्हणून बाकीचे त्यांना 'बेकनवाले डॅनिश' म्हणून चिडवत. डॅनिश सरकारने मात्र मोह आवरला. हद्द हलणार नाही, असं सांगून टाकलं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर १९५५च्या मार्चमधलं आहे. पश्चिम जर्मनीला नाटोत शिरायचं होतं आणि डेन्मार्क तिथे आधीपासून बसलेला. त्या निकडीतून बॉन (पश्चिम जर्मनीची तेव्हाची राजधानी) आणि कोपनहेगनने आपापल्या घोषणा केल्या. मी डॅनिश आहे असं कुणी म्हटलं तर तो डॅनिश. सरकारी अधिकाऱ्याने त्यावर शंका घ्यायची नाही की पडताळणी करायची नाही. पलीकडच्या जर्मनांनाही तेच. आडनाव, आजोबांचं गाव, घरची भाषा, काहीही विचारत नाहीत. माझ्या शेजारणीचं आडनाव अगदी जर्मन आहे. शाळा लहान आणि शिक्षक चांगले म्हणून मुलांना तिथे घातलं, असं ती उघडपणे सांगते. डॅनिश आणि फ्रिसियन (इथल्या किनाऱ्यावरचा आणखी एक भाषिक गट) लोकांच्या पक्षाला निवडणुकीत जागा मिळवण्यासाठी लागणाऱ्या पाच टक्के मतांची अटही माफ आहे. २०२१ साली त्यांचा एक खासदार बर्लिनला पोचला.

याला कुणी थोर मनाचा आदर्श म्हणतं. मला विचाराल तर तो चोख हिशेब होता: तुमची माणसं आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. आणि सगळं गोड आहे असंही नाही. २०१६पासून डेन्मार्कने हद्दीवर पुन्हा तपासणी सुरू केली आणि २०१९ला सत्तर किलोमीटरचं कुंपण घातलं. कारण रानडुकरांमधून पसरणारी डुकरांच्या तापाची साथ. इथल्या लोकांना ते कुंपण मनापासून आवडलेलं नाही.

रत्नागिरीहून एक वाचक : 'हाल्लिग' बेटं पाण्याखाली जातात तर लोक बांध का घालत नाहीत?

उंच बांध घातला तर बेट मरेल. भरतीचं पाणी वर चढतं तेव्हा गाळ टाकून जातं, आणि त्यानेच जमीन हळूहळू उंच होते. म्हणून कडेला दगडी पिचिंग, फार तर बुटका बांध, एवढंच. घरं मात्र माणसांनी रचलेल्या मातीच्या टेकाडावर असतात, त्याला 'वार्फ्ट' म्हणतात. हिवाळी वादळात आधी गुरं वर आणतात आणि मग कुरणं बुडतात. चहूकडे पाणी आणि मधे चारदोन घरांचे पुंजके. १९६२च्या वादळानंतर घरांमध्ये वरच्या मजल्यावर एक खोली खोल पुरलेल्या काँक्रीटच्या खांबांवर बांधली. भिंती वाहून गेल्या तरी ती उभी राहावी म्हणून.

पूर्वी गोड्या पाण्याचे हाल असत. गुरांसाठी टेकाडाच्या मधोमध पावसाचं तळं, माणसांसाठी वेगळं टाकं. त्यात खारं पाणी शिरलं की संपलं. १८२५च्या फेब्रुवारीत असंच झालं, शिवाय माणसं आणि घरं गेली ती वेगळीच. त्याच उन्हाळ्यात डॅनिश राजा सहावा फ्रेडरिक पाहणीला होगे बेटावर आला आणि हवा बिघडल्याने त्याला रात्र तिथेच काढावी लागली. तो निजला ती खोली आजही दाखवतात. लांगेनेसचे लोक तर किनाऱ्यावर जायला स्वतःच्या छोट्या रेल्वे ट्रॉल्या वापरतात, समुद्रातल्या रुळांवरून. मला त्यांचा फार हेवा वाटतो.

पुण्याहून एक आई : मुलगा हुझुमला नोकरीला आहे. २१ फेब्रुवारीला गावाने होळी पेटवली म्हणून फोटो पाठवलाय. खरंच होळी?

ताई, तिला 'बीके' म्हणतात. नाताळची वाळलेली झाडं आणि फांद्या रचून अंधार पडल्यावर पेटवतात, काही गावांत वर गवताचा बाहुलाही असतो. शेजारच्या गावची पोरं आदल्या रात्री येऊन ढीग पेटवून देतील म्हणून राखण बसते. हे वाचून तुम्हाला आपली होळीची लाकडं पळवणारी पोरं आठवतील. पेटवण्याआधी ढीग हलवून आत साळिंदरासारखे छोटे काटेरी प्राणी दडलेत का बघतात. नंतर सगळे केल नावाच्या पालेभाजीच्या जेवणाला जातात. ती दिसते शाकाहारी, पण शिजते डुकराच्या मांसासोबत आणि चरबीत. मुलगा खात नसेल तर आधीच विचारायला सांगा. नुसते बटाटे मागितले तर कुणी वाईट मानत नाही.