आजोबांची जावा कापू नका, ट्रायल्स दुसऱ्या गाडीवर शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडच्या घरी आजोबांची 1968 ची जावा 250 बरीच वर्षं बंद पडून आहे. ट्रायल्सचे व्हिडिओ बघून तुम्हाला तो खेळ शिकायची ओढ लागली आहे. मग जावाचीच ट्रायल्स बाईक करावी, ती मूळ रूपात उभी करावी, की थेट स्पेनहून नवीन मशीन मागवावं?

माझं मत ठाम आहे. जावा मूळ रूपातच उभी करा आणि ट्रायल्स एखाद्या हलक्या, साध्या गाडीवर शिका. आमचा मुरबाडकडे एका मित्राच्या शेतात ट्रायल्स खेळणारा छोटा गट आहे, आणि जुन्या टू-स्ट्रोक गाड्या उघडून पुन्हा बांधणं हे माझं रविवारचं काम आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. ट्रायल्स ही शर्यत नव्हे, वेगाला इथे किंमत नाही. ओढ्यातला, दगडांतला किंवा उभ्या चढावरचा एक तुकडा दोऱ्या बांधून आखतात, त्याला सेक्शन म्हणतात. त्यातून पाय न टेकता गाडी बाहेर काढायची. एकदा पाय टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात किंवा दोरीबाहेर गेलात की पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकला. एक चांगला सेक्शन बॅडमिंटन कोर्टाएवढ्या जागेत मावतो. जागेची एवढी टंचाई असलेल्या आपल्या शहरातल्या माणसाला झेपेल असा मोटरसायकलचा दुसरा खेळ मला तरी दिसत नाही.

आता जावा. तुम्ही लिहिलंय की जावाने ‘सिक्स डेज’ जिंकली होती, म्हणजे ती या कामाला योग्यच असणार. ती स्पर्धा इंटरनॅशनल सिक्स डेज, म्हणजे आजच्या भाषेत एन्ड्युरो: सहा दिवस, लांब पल्ला, वेळेचं बंधन. तिथे झेकोस्लोव्हाकियाच्या संघाने जावावर खरंच मोठं नाव कमावलं. पण त्या खास बांधलेल्या गाड्या होत्या आणि खेळही वेगळा होता. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमच्या परिसरात होणारी सिक्स डेज ट्रायल हा आपला, पाय न टेकण्याचा खेळ.

तुमच्या घरातली, म्हैसूरच्या कारखान्यात बनलेली जावा रस्त्यासाठी बांधलेली आहे. चाकं 16 इंची. ट्रायल्सला पुढे 21 आणि मागे 18 इंची चाक लागतं, कारण मोठं चाक दगडावर चढतं आणि लहान चाक त्याला जाऊन अडतं. दोन्ही बाजूंना खाली लांबलचक सायलेन्सर, ते पहिल्याच कातळाला घासणार. तिसरी अडचण व्हिडिओत कळत नाही, पायाला कळते. जावाचा किक आणि गिअर एकाच लिव्हरवर आहेत, आणि तो लिव्हर दाबला की आतली यंत्रणा क्लच आपोआप सोडवते. रस्त्यावर हे फार सुखाचं. पण सेक्शनमध्ये फुटरेस्टवर उभं राहून अंग डावीकडे झुकवलं आणि बुटाचा नुसता भार त्या लिव्हरवर पडला, तर नेमकी चढावर ताकद तुटते. गाडी थांबते आणि पाय खाली येतो.

हे सगळं बदलायचं म्हणजे फुटरेस्ट मागे नेण्यासाठी वेल्डिंग, मडगार्ड कापणं, चाकं बदलणं, दोन सायलेन्सरचा एक करणं. एवढा खर्च करून हाती येईल ती जड आणि बुटकी ट्रायल्स बाईक, आणि मूळ जावा कायमची गेलेली असेल.

कायद्याची बाजूही याच दिशेने बोट दाखवते. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ येतं, पण आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आजोबांच्या गाडीवरची ती जुनी मुंबईची पाटी तशीच राहू शकते, मला याचं मोल फार वाटतं. एक मात्र लक्षात घ्या: व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला नसते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. चासी कापलीत तर हा रस्ता बंद, शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 परवानगीवाचून केलेल्या फेरफाराला आड येतंच.

उभी करताना सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आत्ता उत्साहाने किक मारू नका. बंद पडलेल्या टू-स्ट्रोकची क्रँक सील, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याभोवतीची रबरी सील, सुकून कडक झालेली असतात. ती हवा ओढतात, पेट्रोल-ऑईलचं मिश्रण पातळ होतं, आणि गाडी सुरू होऊन छान आवाज देत असतानाच पिस्टन जाम होतो. आधी इंजिन उतरवा, सील आणि बेअरिंग बदला, कनेक्टिंग रॉड ढिला झालाय का ते तपासा. सिलिंडरला ओरखडे असतील तर बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन घाला. टाकीतला गंज काढल्याशिवाय कार्ब्युरेटर जोडू नका. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला मानवत नाही आणि गाडी उभी राहिली की टाकीत ओल धरतं. म्हणून पेट्रोलचा पाईप आणि सगळी रबरं नवीन घाला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा. 6 व्होल्टचा डायनॅमो काढून 12 व्होल्ट करून देतो असं पुष्कळ जण सांगतील. नीट बांधलेला मूळ डायनॅमो चालतो, मी तो काढत नाही. पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार हिंडा, पण मूळ मडगार्ड, हेडलाईटची खोळ आणि टाकी ‘जुनी द्या, नवी घ्या’ म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नका. पोचा आलेली मूळ टाकी चकचकीत नकलेपेक्षा कधीही चांगली. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो, तिथे गेलात तर कोणता मेकॅनिक खरा हे तासाभरात कळेल.

आता जुनी ट्रायल्स बाईक चांगली की नवी, या वादाकडे येतो. तुम्हीही तो विचारलाय आणि आमच्या गटात तो दर वेळी निघतोच.

हा वाद आजचा नाही. 1948 मध्ये रॉयल एन्फिल्डने मागे स्प्रिंगचं सस्पेन्शन असलेली बुलेट इंग्लंडमधल्या ट्रायलमध्ये उतरवली तेव्हा जाणकारांचा आग्रह होता की मागचं चाक ताठ फ्रेममध्येच हवं, स्प्रिंग लावली की पकड जाते. पुढे जॉनी ब्रिटन यांनी एन्फिल्डवर 1952 आणि 1957 मध्ये स्कॉटिश सिक्स डेज जिंकली आणि ती शंका मिटली. आपण जिला लग्नाच्या वरातीत आणि लडाखच्या फोटोत बघतो, ती बुलेट मुळात दगडांतून हळू चालत मोठी झाली. 2019 मध्ये कंपनीने ‘बुलेट ट्रायल्स’ नावाने 350 आणि 500 काढल्या, त्या याच इतिहासाला मानवंदना म्हणून. दिसायला देखण्या होत्या, पण वजन 180 किलोंच्या पुढे. तेवढ्या वजनात खरी ट्रायल्स होत नाही.

मग आले ट्रायल्सचे नामवंत चालक सॅमी मिलर. एरियलसारख्या जड फोर-स्ट्रोकवर सगळं जिंकल्यावर 1964 च्या सुमारास ते स्पेनच्या बुल्टाकोकडे गेले आणि हलकी टू-स्ट्रोक शेर्पा घडवली. 1965 मध्ये तिच्यावर स्कॉटिश जिंकली, आणि जड ब्रिटिश गाड्यांचं युग तिथेच संपलं. आजचं मशीन जेमतेम 70 किलोंचं असतं. सीट नाही, टाकी दोन-तीन लिटरची, टायरमध्ये हवा चार-पाच पीएसआय. स्पेनचा टोनी बोऊ अशाच मोंटेसावर 2007 ते 2024 दरवर्षी मैदानी आणि बंदिस्त अशी दोन्ही जागतिक विजेतेपदं जिंकत आला.

दोन्हींची चाल किती वेगळी आहे ते शेतावर दिसतं. आमच्यातल्या एकाची उजव्या बाजूला गिअर असलेली जुनी बुलेट आहे. पावसाळ्यात शेताच्या कडेला शेवाळलेल्या काळ्या कातळाची गुडघाभर पायरी आहे. तो फर्स्ट गिअरमध्ये, थ्रॉटल जवळपास बंद ठेवून येतो. क्लचला बोट लावत नाही. पुढचं चाक दगडाला टेकतं, आवाज एकेका ठोक्यावर येतो, आता बंद पडणार असं वाटतं. आणि जड फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या वजनदार चाकात, साठलेला जोर मागच्या चाकाला सावकाश वर ढकलतो. टायर फिरत नाही, म्हणून घसरत नाही. आधुनिक ट्रायल्सचा चालक त्याच पायरीसमोर थांबेल, तोल धरेल, एका बोटाने क्लच दाबून इंजिन चढवेल आणि क्लच सोडताक्षणी पूर्ण गाडी उचलून वर ठेवेल. थांबू द्यावं की नाही, यावरही जगभर भांडणं आहेत. 2013 मध्ये जागतिक स्पर्धेत न थांबण्याचा नियम परत आणला तेव्हा बराच गदारोळ झाला होता. माझी बाजू न थांबण्याची. थांबून चाक उड्या मारत वळवता आलं की रेषा, म्हणजे गाडी कुठून न्यायची तो मार्ग, आधी वाचण्याची गरज उरत नाही, आणि माझ्या लेखी रेषा वाचणं हाच या खेळाचा जीव आहे. पण नवं मशीन म्हणजे फसवणूक, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ब्रिटनमधल्या प्री-65, म्हणजे 1965 पूर्वीच्या गाड्यांच्या गटातही आता जुन्या टाकीखाली नवी हलकी सामग्री बसवलेल्या गाड्या दिसतात. त्यापेक्षा उघडपणे नवी असलेली गाडी मला जास्त पटते.

तरीही तुम्ही ती मागवू नका. स्पर्धेच्या मशीनला आरटीओत नोंदणी मिळणार नाही, नोंदणीवाचून ती सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणजे दर वेळी छोटा हत्ती बोलवा. आयात शुल्क आणि पार्टची वाट पाहणं वेगळंच. शिवाय सुरुवातीच्या वर्षात तिच्या क्षमतेचा दशांशही तुम्ही वापरणार नाही. फ्रान्सची इलेक्ट्रिक मोशन कंपनी विजेवरची ट्रायल्स बाईक बनवते, तिचा आवाजच नाही. तशी कोणी इथे बनवू लागलं, तर मुंबईत हा खेळ खरा रुजेल असं मला मनापासून वाटतं.

शिकायला जुनी स्प्लेंडर किंवा सीडी 100 घ्या, कागद स्वच्छ असलेली. वजन 110 किलोंच्या आसपास, पडली तरी कुठलाही मेकॅनिक उभी करतो. हीरोची एक्सपल्स मला आवडते, ट्रेलसाठी उत्तम आहे, पण दीडशे किलोंच्या वरची गाडी शिकताना दमवते. आरएक्स 100 आता कापण्याइतकी सामान्य राहिलेली नाही, तिलाही सोडा. स्प्लेंडरचं पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक-दोन दातांनी लहान करा, हँडल थोडं उंच आणि पुढे घ्या, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर उभ्याने एका बोटात येतील असे फिरवा. हवा मात्र 12-15 पीएसआयच्या खाली नेऊ नका. ट्यूबचं टायर रिमवर सरकलं की व्हॉल्व्ह उपटतो.

मग सपाट जागेवर, उभ्याने, फुल लॉकवर, म्हणजे हँडल पूर्ण वळवून, आठाचा आकडा. दोन्ही बाजूंना गाडी आत झुकवून अंग बाहेर ठेवायचं. दगडाकडे जायच्या आधी हे पाय न टेकता जमायला हवं, आणि ते सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतं. त्यानंतर शेताचा बांध, मग ओढा. हेल्मेट आणि घोट्यावरचे बूट पहिल्या दिवसापासून.

जागेबद्दल मुलुंडकरांना मुद्दाम सांगतो: येऊर जवळ आहे म्हणून तिकडे गाडी घालू नका. तो संजय गांधी उद्यानाचा भाग आहे. कर्नाळाही अभयारण्य आहे, तिथेही नको. बंद खदाणींच्या तळाशी पाणी साचलेलं असतं आणि कडा ढासळतात, तिथेही नको. मुरबाड, कर्जत, शहापूरकडे ओळखीच्या शेतकऱ्याला विचारा, भात काढल्यानंतरचे महिने मागा, बांध फुटला तर त्याच दिवशी बांधून द्या. आम्हाला शेत मिळत राहिलं ते एवढ्याचमुळे.

या सगळ्याच्या आधी एक काम या आठवड्यात करा. जावाचा चासी नंबर घासून स्वच्छ करा आणि आरसी बुकाशी जुळवा. जुळला आणि गाडी अजून आजोबांच्याच नावावर असेल, तर वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म 31 लागतो. मृत्यूचा दाखला आणि घरातल्या बाकी वारसांची संमती गोळा करायला इंजिनपेक्षा जास्त वेळ जातो, तेव्हा ते काम मेकॅनिक शोधण्याच्या आधी सुरू करा. नंबर जुळला नाही तर इंजिन उघडण्याआधी इथेच लिहा, पुढे काय करायचं ते सांगतो.