बातमीपत्र हाती घेणाऱ्या तुला

अनेक उत्तम आशीर्वाद.

रुग्णालयाचं मासिक बातमीपत्र तुझ्या गळ्यात पडलं, असं तू लिहिलंस. गळ्यात पडलेलं कामही नेटानं करणारी माणसं मला आवडतात, तेव्हा थोडी कुरकुर केलीस तरी चालेल. पहिल्या अंकाचा कच्चा मजकूर दोनदा वाचला. शुद्धलेखन चोख आहे. पण वीसेक माणसांची नावं येऊन गेली आणि त्यांतलं कोण नेमकं काय काम करतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळेच कर्तव्यदक्ष, सगळेच मनमिळाऊ, सगळ्यांचंच योगदान मोलाचं. लॅबच्या टेक्निशियनचं नाव खोडून तिथं लिफ्टमनचं घातलं तरी परिच्छेद जसाच्या तसा चालेल. एवढी वर्षं हे अंक काढल्यावर माझी कसोटी एकच उरली आहे: बातमी वाचून दुसऱ्या वॉर्डातल्या कुणाला तरी आपल्याकडे काही बदलून बघावंसं वाटलं पाहिजे. फोटो, अभिनंदन, बढत्या असू देत. त्यांच्यासाठीच लोक अंक उघडतात. पण उघडल्यावर आत काहीतरी सापडायला हवं.

इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात रॉचफर्ड जनरल हॉस्पिटल होतं. 1956 साली तिथं अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सिस्टर जीन वॉर्ड सांभाळत. चांगलं ऊन पडलं की त्या बाळांना अंगणात नेत. उबाऱ्यात (इनक्युबेटरमध्ये) कोंडून ठेवण्यापेक्षा मोकळी हवा बरी, असं त्यांचं मत. एकदा राउंड चालू असताना त्यांनी डॉक्टरांना एक बाळ कपडे काढून दाखवलं. अंग फिकट, आणि एकाच जागी ठळक पिवळा त्रिकोण. डॉक्टरांना वाटलं, काहीतरी औषध फासलंय. सिस्टर जरा अवघडून म्हणाल्या की हे उन्हामुळं असावं. तरी डॉक्टरांच्या लक्षात येईना. मग त्यांनी उलगडून सांगितलं: बाळाला कावीळ आहे, त्रिकोणाच्या जागी चादरीचं टोक होतं, तेवढा भाग पिवळा राहिला, बाकीच्या अंगाचा पिवळेपणा उतरलाय. गोष्ट त्या दिवशी तिथंच राहिली. पुढे काही आठवड्यांनी एका काविळीच्या बाळाच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात राहून गेली आणि तिच्यातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, अपेक्षेपेक्षा फारच कमी निघालं, तेव्हा डॉक्टरांना त्रिकोण आठवला. 1958 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स या तिघांचा लेख आला, आणि नवजात बाळांच्या काविळीवर प्रकाशाचा उपचार सुरू झाला. तुमच्या नवजात कक्षातले निळे दिवे त्याचेच. लेखकांच्या नावांत सिस्टर वॉर्ड नाहीत.

आता असं समज की त्या महिन्यात त्या रुग्णालयाचं बातमीपत्र निघालं असतं आणि ते तुझ्या कच्च्या मजकुराच्या वळणावर लिहिलेलं असतं. 'सिस्टर वॉर्ड बाळांची मनोभावे काळजी घेतात' एवढं छापून आलं असतं. खोटं काहीच नाही, पण त्रिकोण गेला असता. त्याऐवजी कुणी दोन ओळींत त्रिकोण छापला असता, तर एखाद्या लॅबवाल्यानं किंवा दुसऱ्या पाळीच्या सिस्टरनं तो वाचला असता आणि आणखी कुठं असं दिसतं का ते पाहिलं असतं. मला तुझ्याकडून त्रिकोण हवेत.

ते मिळवायला टेबलावर बसून चालत नाही. 'आपल्या विभागातील उल्लेखनीय घडामोडी कळवाव्यात' असं परिपत्रक काढलंस तर उत्तरं ठरावीक चारच जण पाठवतील आणि त्यांना लिहायची हौस असते एवढंच त्यातून सिद्ध होईल. पाळी बदलायच्या वेळी, हँडओव्हर संपल्यावर, वॉर्डात जा. 'काही विशेष?' असं विचारू नकोस. त्यावर 'काही नाही, नेहमीचंच' याशिवाय दुसरं उत्तर मी ऐकलेलं नाही. विचार, की गेल्या दोन-तीन महिन्यांत तुमच्याकडे काय करायचं बंद झालं? कुठली वस्तू जागेवरून हलवली आणि का? रात्री अडलं की फोन कुणाला करता? या शेवटच्या प्रश्नाला सगळे एकच नाव सांगतात, आणि ते नाव बहुतेक वेळा आजवर कुठल्याच अंकात आलेलं नसतं. कधी ती मेडिकल रेकॉर्डमधली बाई असते, जिला वीस वर्षांपूर्वीचा केसपेपर पाच मिनिटांत सापडतो. कधी बायोमेडिकलचा तंत्रज्ञ असतो, तर कधी सीएसएसडीतला, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागातला माणूस, जो ओटीचा (शस्त्रक्रियागृहाचा) ट्रे निर्जंतुक होऊन आल्यावर त्यावरची पट्टी रंग बदलून आली आहे का ते बघितल्याशिवाय खिडकीतून पुढे सरकवत नाही. आणि नाइटवाल्यांना विसरू नकोस. सत्कार सकाळी अकराला असतात, तेव्हा ते घरी झोपलेले असतात. म्हणून फोटोत ते नसतात आणि मग अंकातही नसतात.

नावं सगळ्यांची घाल. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये 1944 च्या नोव्हेंबरात हृदयातल्या जन्मजात दोषामुळं निळ्या पडणाऱ्या बाळांवरची पहिली शस्त्रक्रिया झाली. ती शस्त्रक्रिया आधी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर करून बसवली होती व्हिवियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञानं, आणि त्या दिवशी ते शल्यविशारद ब्लेलॉक यांच्या मागं स्टुलावर उभे राहून एकेक गोष्ट सांगत होते. जगभर नाव झालं ते ब्लेलॉक आणि टॉसिग या दोन डॉक्टरांचं. थॉमस यांना मानद डॉक्टरेट मिळाली 1976 साली. तुझ्या अंकात इतका मोठा अन्याय व्हायचा नाही, मान्य, पण 'डॉ. अमुक आणि त्यांची टीम' या पाच शब्दांत तो लहान प्रमाणात दर महिन्याला होतो. टीमला नावं असतात. गंमत अशी की जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टमध्येच हे आहे: चीर देण्याआधी ओटीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. ही चेकलिस्ट आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली, तिचे निष्कर्ष 2009 साली आले; मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं होतं. नावं सांगितल्यानं तेवढं घडलं असं मी म्हणत नाही, यादीत बाकीही पुष्कळ आहे. पण जीव धोक्यात असताना नाव सांगायला वेळ काढतात, तर आपल्याकडे एक ओळ जास्त छापायला जागा नसावी? फोटोखाली 'डावीकडून' करून सगळी नावं दे, मागच्या रांगेतली मावशीसुद्धा. आणि तिचं पूर्ण नाव.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुझ्या मजकुरात 'संसर्गात 50 टक्के घट' असं ठळक अक्षरांत आहे. मी इन्चार्ज सिस्टरांना फोन केला. आधीच्या तिमाहीत दोन रुग्ण, या तिमाहीत एक. दोनाचा एक झाला की त्याला टक्के लावू नयेत. पुढच्या तिमाहीत परत दोन झाले की '100 टक्के वाढ' असं छापशील का? सरळ 'दोनाऐवजी एक' लिही, आणि सोबत किती रुग्णांत ते दे. सेंट्रल लाइनचा, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा संसर्ग मोजताना दर हजार कॅथेटर-दिवसांमागे किती, असा हिशेब करतात; एका रुग्णाला एक दिवस नळी असली की एक कॅथेटर-दिवस. ते कोष्टक संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरांकडे तयार असतं, मागून घे. शून्यानंही हुरळून जाऊ नकोस. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे, शून्य आलं की तीनाला एकूण संख्येनं भागायचं: 60 शस्त्रक्रियांत एकही संसर्ग झाला नाही, तर तीन भागिले साठ, म्हणजे खरं प्रमाण पाच टक्क्यांपर्यंत असण्याची शक्यता अजून शिल्लक आहे. 300 शस्त्रक्रिया तशाच पार पडल्या तर ती मर्यादा एक टक्क्यावर येते. म्हणून 'संसर्गमुक्त विभाग' असा मथळा देऊ नये, '60 शस्त्रक्रिया, संसर्ग शून्य' असा द्यावा. वाचणारे डॉक्टर-सिस्टर आहेत, त्यांना कळतं.

आणि आकडा खाली आला असेल, तर तो कशामुळं आला ते दे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंनी सेंट्रल लाइन घालताना पाच साध्या गोष्टी पाळायच्या ठरवल्या: हात धुणं, रुग्णाला पूर्ण झाकून घेणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं त्वचा साफ करणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपली की लाइन काढून टाकणं. 2006 साली त्याचे निष्कर्ष छापले गेले. हजार कॅथेटर-दिवसांमागच्या संसर्गांचा मध्यक (सगळे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) 2.7 वरून शून्यावर आला होता. मला त्यातली सगळ्यात मोठी बातमी वाटते ती वेगळीच. तातडीचा प्रसंग नसेल आणि यातली एखादी पायरी गाळली गेली, तर डॉक्टरांना थांबवायचा अधिकार तिथं सिस्टरना दिला होता. तुमच्याकडे असं कुणी कुणाला थांबवलं असेल, तर ती पहिल्या पानाची बातमी आहे.

ती मिळवणं मात्र अवघड. कारण थांबवलेली चूक घडलेलीच नसते, तिचा फोटो काढता येत नाही आणि जिची चूक पकडली गेली ती व्यक्तीही त्याच जेवणघरात बसते. तरी लिहिता येतं. चिठ्ठीवर दशांश चिन्हापुढं उगाच शून्य दिलं, म्हणजे '1 मिग्रॅ'चं '1.0' केलं आणि टिंब पुसट उमटलं, की दहा वाचलं जातं, औषध दहापट. तुमच्या औषधालयातल्या मुलीनं लहान मुलाच्या चिठ्ठीवरचा असा डोस पाहून वॉर्डात फोन लावला, हे मला दुसरीकडूनच कळलं. तिचं नाव तिला विचारून छाप. चिठ्ठी कुणाची, कुठल्या वॉर्डाची, हे छापू नकोस. तारीखही नको, ड्युटी चार्टवरून लोक लगेच ताळा जमवतात. पण उगाचचं शून्य कसं फसवतं ते चौकटीत मोठ्या अक्षरात दे. हे वाचून दहा जणांचं लिहिणं बदलेल.

रुग्णांच्या बाबतीत मी कडक आहे. लहान रुग्णालयात नाव न देऊन भागत नाही. 'गेल्या मंगळवारी तिळ्यांना जन्म देणारी शिक्षिका' म्हटलं की सगळ्यांना कळलं. लेखी संमती घे, आणि ती रुग्ण खाटेवर असताना घेऊ नकोस. ज्यांच्या हाती आपला जीव आहे त्यांना नाही म्हणायचं धाडस कुणाला होतं? घरी जाऊन चार दिवस झाले की विचार. फोटोत मागं काय दिसतं ते मोठं करून बघ: मॉनिटरच्या पडद्यावरचं नाव, मनगटावरची पट्टी, भिंतीवरचा पांढरा फळा. सत्कार समारंभाच्या फोटोंत पुढच्या माणसांपेक्षा हा फळाच जास्त स्पष्ट आलेला असतो. आणि कर्मचाऱ्यांचंही खासगी आयुष्य आहे. कोण आजारी, कोण बाळंतपणाच्या रजेवर, कोण रजेवरून परत आलं, हे त्यांनी स्वतः सांगायला सांगितलं तरच.

पदव्या तपासून घे. अभ्यासक्रमाला प्रवेश घेणं, तो पूर्ण करणं आणि परीक्षा उत्तीर्ण होणं यांत फरक आहे. 'प्रशिक्षणास उपस्थित' आणि 'प्रमाणित' हेही एक नव्हे. 'परिसरातील पहिली' हा दावा मी माझ्या काळात सरसकट खोडत असे. कुणीतरी दुसरा पहिला निघतोच. वरिष्ठांच्या फोटोबद्दल विचारलंस, तर पहिल्या पानावर फीत कापणारे हात असलेच पाहिजेत असा नियम कुठं नाही. भांडू नकोस; पान तीनवर नीट मोठा छाप, खूश होतात.

आता तुझ्या मजकुरातल्या एका परिच्छेदापुरतं. डायलिसिसच्या टेक्निशियनना दहा वर्षं झाली म्हणून तू सहा ओळी लिहिल्यास, त्यांत 'अथक' दोनदा आलंय. ते काढ. एका रुग्णाच्या चार तासांच्या डायलिसिसला साधारण 120 लिटर पाणी लागतं, आणि रुग्णाचं रक्त व ते पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे पाणी शुद्ध करायला वापरलेल्या क्लोरिनचं संयुग, राहिलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून प्रत्येक पाळीचा पहिला रुग्ण लावायच्या आधी पाण्यातल्या क्लोरिनची तपासणी करून नोंद करायची असते. ती ते स्वतः करतात का, कुठल्या वहीत, आणि तपासणी ठीक आली नाही म्हणून मशीन लावायला कधी नकार दिलाय का, हे सकाळी सहाला जाऊन विचार. सातनंतर त्यांना बोलायला फुरसत नसते. वहीच्या पानाचा फोटो मिळाला तर उत्तम, रुग्णांची नावं झाकून. ते झालं की सहा ओळी नव्यानं लिहून मला पाठव, अंक तोवर छपाईला देऊ नकोस.