पेटीवरची थीम, स्कोप्येचा ऑर्केस्ट्रा

प्रश्न (पुणे): एका गेमसाठी पेटीवर थीम बांधली आहे. पट्टी काळी एक, ताल रूपक (सात मात्रांचा). तंतुवाद्यं उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोप्येत, आम्ही इथून ऐकत असताना, रेकॉर्ड व्हायची आहेत. तिकडे नेमकं काय पाठवायचं?

उत्तर: तिथले वादक तुमची चाल सेशनमध्ये पहिल्यांदाच बघतात आणि कागदावर आहे तेवढंच वाजवतात. आपल्याकडे स्टुडिओत 'हे जरा ओढून घ्या' म्हटलं की भागतं. तिथे तेच दुभाष्यामार्फत सांगावं लागतं, आणि घड्याळाचे पैसे चालूच असतात.

आधी पट्टी बदला. काळी एकमध्ये मेजर लिहिलं तर सात शार्प (स्वर अर्ध्याने चढवायच्या खुणा) येतात, आणि पहिल्या वाचनात चुका त्यांच्यातच होतात. अर्धा स्वर वर, पांढरी दोनला म्हणजे डी मेजरला घ्या. व्हायोलिनच्या डी आणि ए या मोकळ्या तारा तिथे आपोआप झंकारतात. गायकाला ते चढं वाटत असेल तर निदान तीच काळी एक पाच फ्लॅटची (उतरवायच्या खुणांची) डी फ्लॅट म्हणून लिहा.

रूपकाची धास्ती नको. तिथल्या 'लेस्नोतो' नाचाचा ठेकाही ३+२+२ असाच आहे. फक्त नुसतं ७/८ (एका बारमध्ये सात मात्रा; इथे बार म्हणजे एक आवर्तन) लिहून थांबू नका, विभागणी पहिल्याच बारवर लिहा. मिनिटाला २१० मात्रांची लय धरली तर आवर्तन बरोबर २ सेकंदांचं होतं, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाच्या ४८,००० नोंदी) ९६,००० सॅम्पल. लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, कापताना याचा फार उपयोग होतो. क्लिक (वादकांच्या कानातला लयीचा ठोका) मात्र सातही मात्रांवर सारखी देऊ नका. इतक्या लयीत तिची नुसती टकटक होते. पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर जोर द्या आणि सुरुवातीला दोन मोकळे बार ठेवा.

या मोकळ्या बारांमुळेच एक घोळ हमखास होतो. सॉफ्टवेअरमधला तिसरा बार नोटेशनवर पहिला ठरतो. तुम्ही '१७ पासून' म्हणता, वादक भलतीकडूनच सुरू करतात. मोकळे बारही नोटेशनमध्ये मोजा, म्हणजे दोन्हीकडचे आकडे जुळतील.

सूर कुठे लावणार, म्हणजे 'ए' हा स्वर किती हर्ट्झला धरणार, ते आधी विचारा, ४४० की ४४२. पेटी आणि तानपुरा ४४० ला रेकॉर्ड झाला असेल आणि व्हायोलिनं ४४२ ला लागली, तर 'ए'वर सेकंदाला दोन डोल (आवाजाचे चढउतार) ऐकू येतात. मिक्समध्ये ते लपत नाहीत. मींडही (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ऑर्केस्ट्राला देऊ नका. चौदा व्हायोलिनवादक चौदा वेळांना घसरतात आणि गाळ होतो. मींड इथेच एका सारंगी किंवा व्हायोलिनवादकाकडून वरून घ्या.

तासाला चार-पाच मिनिटांचं पक्कं संगीत धरून चाला. स्ट्रीमवर आवाज काही क्षण उशिरा आणि दाबून येतो. त्यावर सूर, लय, चुकलेल्या नोटा तपासा; पोत जोखायचा तो नंतर येणाऱ्या २४ बिट वेव्ह फायलींवर. आणि इथून बोलणारा माणूस एकच असू द्या.

प्रश्न (नाशिक): लूप पुन्हा सुरू होताना सांध्यावर आवाज तुटतो. कापायचं तर अगदी बारवरच कापलं आहे.

उत्तर: म्हणूनच तुटतो. शेवटच्या सुराची घुमणारी शेपूट बारच्या पुढे जाते आणि कापल्यावर नाहीशी होते. लूपचा भाग सलग दोनदा वाजवून घ्या आणि दुसरी फेरी वापरा. तिच्या आरंभात पहिल्या फेरीची शेपूट आधीच मिसळलेली असते. एकदाच वाजवून घेतलं असेल तर शेपूट वेगळी कापून आरंभावर चढवा. फाइल एमपीथ्री असेल तर आधी ती बदला, कारण त्या प्रकारात सुरुवातीला किंचित शांतता भरली जाते. वेव्ह किंवा ऑग घ्या.

प्रश्न (ठाणे): प्रागमधला कोरस मराठी ओळी गाणार आहे. रोमन लिपीत लिहून दिलं की झालं ना?

उत्तर: नाही. इंग्रजी वळणाचं रोमन चेक डोळ्यांना वेगळं दिसतं. 'जे' अक्षर ते 'य' वाचतात, म्हणजे तुमचा 'जय' त्यांच्या तोंडी 'यय' होतो. 'सी' अक्षराचा उच्चार ते 'त्स' करतात. तो मात्र 'चांदणं'मधल्या आपल्या च ला अगदी फिट बसतो! 'चंद्र'मधल्या च साठी त्यांचं डोक्यावर खूण असलेलं 'सी' वापरा. हाच कागद बुडापेस्टला पाठवू नका. हंगेरियनमध्ये 'एस' म्हणजे 'श'. ळ लिहून कळत नाही. प्रत्येक ओळ आधी सावकाश बोलून, मग लयीत म्हणून, अशा दोन ऑडिओ फायली सेशनच्या आठवडाभर आधी द्या. अक्षरं नोटांखाली तोडून लिहा.

प्रश्न (पणजी): प्रागचं सकाळी १० चं सेशन आपल्याकडे किती वाजता?

उत्तर: हिवाळ्यात दुपारी २.३०, उन्हाळ्यात १.३०. त्यांची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात. त्या आठवड्यातलं सेशन असेल तर वेळ दोन्हीकडची लिहून कळवा.