गोळीतलं कॅल्शियम आणि मेंदूतलं

प्रश्न : अल्झायमरमध्ये मेंदूच्या आधारपेशींतलं कॅल्शियम वाढतं, असं वाचलं. मग हाडांसाठी चालू असलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद कराव्यात का?

उत्तर : त्या कारणासाठी तरी नको. रक्तातलं कॅल्शियम शरीर डेसिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या आत धरून ठेवतं; गोळी घेतली म्हणून ते मेंदूच्या पेशींत साठत नाही.

तुम्ही वाचलंत ते ॲस्ट्रोसाइट या आधारपेशीबद्दल. या ताऱ्यासारख्या पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम लिटरमागे जेमतेम १०० नॅनोमोल; बाहेर त्याच्या दहा हजार पट. सगळी गंमत या तफावतीत आहे. शेजारच्या चेतापेशीने ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन सोडलं, की पेशीच्या पडद्यावरचा ग्राही, म्हणजे ते रसायन ओळखणारं प्रथिन, जागा होतो, आत आयपी३ हा छोटा रेणू तयार होतो आणि पेशीतल्या साठ्याचं दार उघडतो. कॅल्शियम काही सेकंद उसळतं, मग सर्का नावाचा पंप एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून ते परत साठ्यात ओढतो. उसळी कुठे आली, किती टिकली, किती वेळा आली, हाच निरोप.

अल्झायमरशी निगडित जनुकं घातलेल्या उंदरांत २००९ साली दिसलं ते असं : ॲस्ट्रोसाइटमधली विश्रांतीची पातळीच चढलेली, उसळ्या वारंवार आणि दूरदूरच्या पेशींत एकाच वेळी. क्वचित लाटाही उठल्या, त्या ॲमिलॉइड या अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाच्या गाठींजवळून. चेतापेशी गप्प केल्या तरी हा गोंगाट थांबला नाही.

रक्तातलं कॅल्शियम खरोखर फार वाढलं तर मात्र गोंधळलेपणा, सुस्ती, बद्धकोष्ठता, सतत तहान अशी लक्षणं दिसतात, आणि घरचे ती विसरभोळेपणात जमा करतात. शंका आली तर रक्त तपासा, सोबत अल्ब्युमिन हे कॅल्शियम धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिनही. ते कमी असेल तर एकूण कॅल्शियमचा आकडा फसवा कमी येतो.

प्रश्न : या पेशींवरच्या प्रयोगांचे निकाल उलटसुलट का येतात?

उत्तर : बरेचदा पाहण्याच्या पद्धतीमुळे. फ्लुओ-४ सारखा, कॅल्शियम वाढलं की चमकणारा रंग मुख्यतः पेशीच्या धडात आणि जाड फांद्यांत भरतो; चेतासंधींना, म्हणजे चेतापेशींच्या जोडांना, बिलगलेले बारीक तंतू सुटतात. शिवाय भूल दिली की उसळ्याच मंदावतात. आयपी३चं मुख्य दार जनुकीय बदलाने काढून टाकलं, तर धडातल्या उसळ्या जवळपास संपतात, पण तंतूंतल्या बऱ्याच उरतात. काही कॅल्शियम थेट बाहेरून येतं. त्यामुळे निकाल वाचताना आधी पाहावं : धड की तंतू, आणि प्राणी जागा होता का.