आर्सेनलचा नवीन फॅन झालायस ना, मग ऐक

भावा, ऑक्टोबरातच प्रीमियर लीगच्या (इंग्लंडची टॉप फुटबॉल लीग) टेबलचे स्क्रीनशॉट स्टेटसला टाकू नकोस, अजून ढीगभर मॅचेस बाकी असतात. २०२२-२३ ला आपण २४८ दिवस टॉपला होतो आणि ट्रॉफी गेली मँचेस्टर सिटीकडे. एप्रिलमध्ये लिव्हरपूल आणि वेस्ट हॅम, दोन्हीकडे २-० पुढे असून २-२, मग घरच्या मैदानावर तळातल्या साउथहॅम्प्टनशी ३-३, ती मॅच भारतात रात्री साडेबाराला होती, मी उशी तोंडावर दाबून ओरडत होतो कारण आई शेजारच्या खोलीत झोपलेली. हरल्यावर दोन दिवस ग्रुप म्यूट कर, मँचेस्टर युनायटेडवाले स्वतःचं बघत नाहीत पण आपल्याला चिडवायला हजर. आणि थंडीत आठवड्याच्या मधल्या वारी मॅच रात्री साधारण दीड वाजता सुरू होते, दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर सरळ झोप, सकाळी हायलाइट्स बघ.